यांग नाइवू आणि ‘शिआओ बाइत्साइ’ खटला (1873–1877): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चीनच्या चिंग राजवटीतल्या ज्या खटल्यांवर आजही नाटकं आणि मालिका निघतात, त्यात हा खटला पहिल्या रांगेत आहे. बहुतेकांना तो ‘सुंदर बाई, विद्वान प्रियकर आणि विषप्रयोग’ एवढाच माहीत असतो. कागदपत्रांतला खटला वेगळा आहे. त्यात निष्ठेची खरी परीक्षा प्रियकर-प्रेयसीची झाली नाही. ती झाली यांगच्या घरी राहिलेल्या बायकोची आणि बहिणीची.

खटला थोडक्यात काय होता?

झेजियांग प्रांतात हांगझोऊ शहराजवळ यूहांग नावाचा तालुका होता. तिथे टोफूच्या दुकानात काम करणारा ग पिनल्येन हा तरुण 28 नोव्हेंबर 1873 रोजी दुपारनंतर मेला. त्याची बायको बी श्यूगू आणि तिचा जुना घरमालक यांग नाइवू या दोघांनी संगनमताने त्याला सोमल घालून मारलं, असा आरोप झाला. दोघांनी छळाखाली गुन्हा कबूल केला. यांगला शिरच्छेदाची शिक्षा ठरली, तर तिला अंगाचे तुकडे करत मारण्याची. नवऱ्याच्या खुनात सामील झालेल्या व्यभिचारी बायकोला चिंग कायद्यात हीच शिक्षा होती. तीन वर्षं आणि काही महिन्यांनी बीजिंगमध्ये शवपेटी उघडली गेली आणि विषप्रयोग झालाच नव्हता, असा निर्णय झाला.

‘शिआओ बाइत्साइ’ हे तिचं खरं नाव का?

नाही, ते गल्लीतल्या लोकांनी पाडलेलं नाव. शिआओ बाइत्साइ ही पांढऱ्या देठाची, हिरव्या पानांची पालेभाजी. हिरवा अंगरखा आणि खाली पांढरं वस्त्र असा तिचा नेहमीचा पोशाख, म्हणून हे नाव पडलं. सरकारी कागदांत ती ‘ग-बी’ म्हणून येते, म्हणजे नवऱ्याचं आणि माहेरचं आडनाव जोडून. तिचं स्वतःचं नाव क्वचितच दिसतं.

दोघांचं प्रेमप्रकरण होतं का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. अंतिम निकालानुसार त्याचा पुरावा सापडला नाही.

घरोबा होता, हे खरं. 1872 च्या वसंतात तिचं लग्न झालं आणि महिनाभरात नवरा-बायको यांगच्या घरात भाड्याने राहायला आले. नवरा टोफूच्या दुकानावर काम करी आणि बरेचदा तिथेच झोपे. टोफूचं काम मध्यरात्रीनंतरच सुरू होतं, सोयाबीन दळायचे, दूध उकळायचं, पहाटे विक्री. घरी ती एकटी असे. यांगच्या घरचे तिला जेवायला बोलवत, आणि यांग तिला अक्षरं आणि बौद्ध सूत्रं म्हणायला शिकवी. परपुरुषाबरोबर एका पंगतीला बसणं आणि त्याच्याकडून शिकणं एवढं त्या काळी बोभाट्याला पुरेसं होतं. चिनी भाषेत यांग या आडनावाचा उच्चार बोकड-मेंढीसाठीच्या शब्दासारखाच होतो. त्यामुळे ‘यांग भाजी खातो’ ही कोटी गावभर झाली.

नवऱ्याच्या कानावर हे गेलं. तो कित्येक रात्री कामावरून गुपचूप परतून वळचणीखाली उभा राहिला आणि ऐकत राहिला. त्याला ऐकू आलं ते सूत्रांचं पठण. त्याने तसं पुढे आईला सांगितलं, पण आईनेच शेजारीपाजारी शंका बोलून दाखवली होती आणि ती आता आवरणं शक्य नव्हतं. 1873 च्या उन्हाळ्यात त्यांनी घर बदललं, म्हणजे मृत्यूच्या वेळी ती यांगच्या घरात राहतही नव्हती.

आणखी एक बाब नेहमी सुटते. यांगची पहिली बायको 1872 मध्ये बाळंतपणात गेली, आणि त्याच वर्षी त्याने तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न केलं. तिचं नाव झान त्साइफेंग. तिच्या संसाराला जेमतेम वर्ष झालं होतं, तेव्हा नवऱ्याला धरून नेलं.

ग पिनल्येन मग कशाने मेला?

आजाराने. त्याच्या पायाला वारंवार लाल होऊन सुजण्याचा विकार होता आणि त्या दिवसांत अंगात थंडी-ताप होता. त्या सकाळी तो कुडकुडत परतला. वाटेत तांदळाच्या पिठाचा उंडा घेऊन खाल्ला आणि उलटी केली. घरी येऊन त्याने बायकोकडे पैसे देऊन जिनसेंग ही मुळी आणि लोंगन ही फळं आणवली. त्यांचा काढा प्यायला. दुपारी तोंडाला फेस आला, बोलणं बंद झालं. वैद्याने उष्णतेचा झटका समजून मुळ्याच्या बियांचा काढा दिला. संध्याकाळ व्हायच्या आत तो गेला.

मृतदेह लगेच पुरला नाही. हवा दमट आणि ऋतूच्या मानाने उबदार होती, आणि माणूस अंगाने स्थूल होता. दुसऱ्या रात्री नाकातोंडातून रक्तमिश्रित पाणी आलं. प्रेत कुजायला लागलं की हे होतं, पण घरच्यांना ते विष वाटलं. आईने चौकशीचा अर्ज दिला. त्या अर्जात यांगचं नाव नव्हतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नाव घुसलं ते दंडाधिकारी ल्यू शितोंगला एका ओळखीच्या वैद्याने गावातली कुजबुज सांगितल्यावर. प्रेताकडे जायच्या आधीच त्याच्या डोक्यात गुन्हेगार ठरला होता.

चांदीच्या सुईच्या परीक्षेत काय चुकलं?

मृत्यूंच्या तपासाची अधिकृत पद्धत 1247 मध्ये सोंग त्सी या अधिकाऱ्याने लिहिलेल्या ग्रंथावर आधारलेली होती. चांदीची सुई घशात किंवा पोटात घालायची, काही वेळ ठेवायची, काढायची. ती काळी पडली तर शिकेकाईसारख्या शेंगांच्या पाण्याने घासून धुवायची. काळेपणा गेला तर विष नाही, राहिला तर विष.

यूहांगमध्ये धुण्याची पायरीच गाळली गेली. प्रेत तपासणाऱ्या शेन श्यांगने सुई काळी दिसताच विष म्हणून सांगितलं. नेमकं कोणतं, यावर तिथेच वाद झाला. तो म्हणे अफूचं, दंडाधिकाऱ्याचा दरवान म्हणे सोमल. शेवटी कागदावर नुसतं ‘विष’ असं लिहिलं.

शास्त्रीय कारणही सांगायला हवं. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. त्या काळच्या अशुद्ध सोमलात गंधकाचा अंश असे, म्हणून सुई काळी होई. पण कुजत्या प्रेतातही गंधकाचा वायू तयार होतो आणि सुई तेवढीच काळी करतो. धुण्याची पायरी त्यासाठीच होती, आणि ती पाळली तरी ही परीक्षा भरवशाची नव्हतीच.

खोटा कबुलीजबाब इतका तपशीलवार कसा?

कारण छळ थांबवायला नुसतं ‘हो’ पुरत नाही. कुठून आणलं, कितीला, कोणत्या दिवशी, हे सगळं द्यावं लागतं.

बी श्यूगूच्या बोटांना लाकडी काड्यांचा सापळा लावला गेला. दोरी ओढली की बोटांची हाडं दबतात. तिने सांगितलं, यांगने चांद्र दिनदर्शिकेच्या दहाव्या महिन्यातल्या 5 तारखेला पुडी दिली. यांग त्याच वर्षी प्रांतीय परीक्षा पास होऊन ‘जुरेन’ झाला होता, आणि पदवीधराला छळता येत नसे. म्हणून आधी त्याची पदवी काढून घेण्याची शिफारस झाली, मग हांगझोऊचा जिल्हाधिकारी चेन लू याच्यासमोर त्याला साखळ्यांवर गुडघे टेकायला लावलं, टांगलं. अखेर त्याने सांगितलं, 3 तारखेला हांगझोऊहून येताना त्सांगच्येन गावातल्या आयरेनथांग या औषधाच्या दुकानातून, उंदीर मारायच्या नावाखाली, 40 नाण्यांचा सोमल घेतला. दुकानदाराचं नाव च्येन बाओशंग.

आता हे तपासून पाहा. त्या दुकानाच्या मालकाचं नाव च्येन थान होतं, ‘बाओशंग’ यांगने सुचलं तसं सांगितलं. दुकान लहान, तिथे सोमल विकतच नसत. 3 ते 5 तारखेला यांग यूहांग गावात नव्हता. तो सासरच्या गावी एका कौटुंबिक विधीसाठी होता आणि 6 तारखेला परतला, असं नातेवाइकांनी लिहून दिलं होतं. एका साध्या चौकशीने सगळं कोसळलं असतं. त्याऐवजी दुकानदाराला गोड बोलून आणि धाक दाखवून विक्रीचा जबाब लिहून घेतला. ‘तुला काही होणार नाही’ असं त्याला सांगण्यात आलं होतं. तो पुढे कैदेतच मेला.

दंडाधिकाऱ्याने आणखी एक केलं. मूळ तपासणीत ‘नाकातोंडातून रक्त’ होतं. वर पाठवलेल्या अहवालात ‘शरीराच्या सातही द्वारांतून रक्त’ झालं, आणि सुई शेंगांच्या पाण्याने धुतली होती असंही जोडलं. जुन्या ग्रंथातलं सोमलाचं लक्षण आणि अहवाल जुळावेत म्हणून केलेली ही खाडाखोड होती. आमच्या मते या खटल्यातला सर्वांत गंभीर गुन्हा हाच.

एवढ्या पायऱ्या असूनही वर कुणाला चूक दिसली नाही?

खुनाचा खटला तालुका, जिल्हा, प्रांतिक न्यायाधिकारी, राज्यपाल, मग बीजिंगचं दंडमंत्रालय असा चढत जाई आणि देहदंडाला सम्राटाची मंजुरी लागे. साध्या खुनासाठी एकूण सहा महिन्यांची मुदत होती, त्यातले तीन महिने तालुक्याचे. कागदावर ही व्यवस्था काटेकोर होती.

ती मोडते ती जबाबदारीच्या नियमात. चुकीच्या शिक्षेसाठी खालच्या अधिकाऱ्यालाच नव्हे, ज्यांनी शिक्कामोर्तब केलं त्या प्रत्येकाला दंड होई. म्हणजे एकदा जिल्ह्याने सही केली की चूक उघड करणं म्हणजे स्वतःला अडकवणं. राज्यपाल यांग चांगजुनने गुप्त चौकशीसाठी माणूस पाठवला. त्याचा पाहुणचार ल्यू शितोंगने केला आणि ‘अन्याय झालेला नाही’ असा अहवाल गेला. पुढे बीजिंगहून फेरतपासणीचा हुकूम आला, तेव्हा प्रांताचा शिक्षणाधिकारी हू रुइलान नेमला गेला. त्याला फौजदारी कामाचा अनुभव नव्हता. त्यानेही छळच केला आणि जुनाच निकाल कायम ठेवला.

भ्रष्टाचार म्हटलं की लोक पैशाच्या थैल्या शोधतात. इथे पाहुणचार आणि चिरीमिरी होती, पण खटला तीन वर्षं अडला तो आळीमिळी गुपचिळीमुळे. चिनी भाषेत त्याला चार अक्षरांचा वाक्प्रचारच आहे, अधिकारी अधिकाऱ्याला राखतो या अर्थाचा.

यांगच्या बायकोने बीजिंगला दाद मागितली म्हणजे नेमकं काय केलं?

राजधानीत दाद मागणं हा कायदेशीर मार्ग होता, पण त्याच्या अटी जाचक होत्या.

खालच्या सगळ्या पायऱ्या आधी चढाव्या लागत. मधली पायरी गाळली तर 50 फटके. अर्ज पोलीस-सेनापतीच्या कचेरीत किंवा नियंत्रक मंडळात (अधिकाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात) द्यायचा. बाईला स्वतःच्या नावे अर्ज सादर करता येत नसे, तिच्या वतीने एक पुरुष उभा राहावा लागे आणि अर्ज खोटा ठरला तर शिक्षा त्याला होई. असा माणूस मिळणं हीच अर्धी लढाई. मग प्रवास. हांगझोऊ ते बीजिंग महाकालवा सुमारे 1,800 किलोमीटर लांब आहे.

पहिली खेप 1874 च्या उन्हाळ्याच्या सुमारास झाली आणि तिची सूत्रं यांगची थोरली बहीण यांग शूयिंग हिच्याकडे होती. नियंत्रक मंडळाने अर्ज घेतला आणि ठरलेल्या रिवाजाप्रमाणे तो परत झेजियांगच्या राज्यपालाकडेच पाठवला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच हातात. इथे बहुतेक घरं हार मानतात. भाऊ तुरुंगात, जमीनजुमला विकत चाललेला, आणि अर्ज फिरून गावात आलेला.

शरद ऋतूत झान त्साइफेंग स्वतः निघाली, नातेवाईक याओ शीफाला अर्जदार म्हणून बरोबर घेऊन. या वेळी अर्ज पोलीस-सेनापतीच्या कचेरीत दिला. कैफियत यांगने तुरुंगात लिहिलेली होती. त्यात रडगाणं नाही. तारखा कुठे जुळत नाहीत, कोणत्या साक्षीदाराला विचारलंच नाही, विषाची खरेदी का अशक्य आहे, हे मुद्दे एकामागून एक आहेत. हेच त्या कैफियतीचं बळ ठरलं.

पैसे कुठून आले?

हांगझोऊचा बडा सराफ हू श्वेयान याने 200 ताएल चांदी दिली असं सर्वत्र सांगितलं जातं. एक ताएल साधारण 37 ग्रॅम, म्हणजे साडेसात किलोच्या आसपास चांदी. बाकी घर विकून-मोडून उभं केलं. हूच्या ओळखीमुळे बीजिंगमधल्या झेजियांगी अधिकाऱ्यांपर्यंतही वाट मिळाली, आणि आमच्या मते ती वाट चांदीपेक्षा मोलाची होती.

मग खटला फिरला कसा?

तीन गोष्टी एका वेळी आल्या.

शांघायमध्ये 1872 पासून ‘शेनबाओ’ हे दैनिक निघत होतं. मालक इंग्रज असल्याने झेजियांगच्या अधिकाऱ्यांचा त्याच्यावर हात चालत नव्हता. त्याने सुनावण्यांच्या बातम्या आणि झान त्साइफेंगचा अर्जही छापला. दुसरं, श्या थोंगशान यांच्यासारख्या हांगझोऊच्या दरबारी अधिकाऱ्यांनी विषय लावून धरला, आणि बीजिंगमधल्या झेजियांगच्या 18 मंडळींनी एकत्र सही करून खटला राजधानीत आणायची मागणी केली. तिसरं राजकारण. ताइपिंग बंडानंतर (चिंग राजवटीविरुद्धचा मोठा उठाव) प्रांतांचे राज्यपाल फार प्रबळ झाले होते आणि राजमाता त्सीशीच्या दरबाराला त्यांना लगाम घालायला निमित्त हवं होतं. न्याय मिळाला, पण तो सत्तेच्या हिशोबात बसला म्हणूनही मिळाला. हे कटू आहे, तरी लपवू नये.

शवपेटी जलमार्गाने बीजिंगला नेली. वाटेतल्या प्रत्येक ठाण्यावर सीलबंद चिठ्ठ्या लावल्या, म्हणजे प्रेत बदललं असा आरोप नको. 22 जानेवारी 1877 रोजी छाओयांग दरवाज्याबाहेरच्या हायहुई मंदिरात, प्रचंड गर्दीसमोर, ती उघडली. पेटी तीच असल्याचं ल्यू शितोंगकडूनच वदवून घेतलं. जुन्या अनुभवी तपासनिसाने हाडं एकेक करून पाहिली. ती पिवळसर पांढरी होती. सोमलाने मेलेल्याची हाडं काळी-निळी पडतात अशी समजूत होती, म्हणून निष्कर्ष निघाला: आजाराने मृत्यू.

आजच्या न्यायवैद्यकानुसार हाडांचा रंगही पक्का पुरावा नाही. म्हणून निकालाचं वजन हाडांवर कमी आणि औषधाच्या दुकानातल्या नोकराच्या साक्षीवर, न जुळणाऱ्या तारखांवर आणि शेन श्यांगने ‘सुई धुतली नव्हती’ असं कबूल करण्यावर जास्त धरावं.

कुणाला काय शिक्षा झाली?

निकाल 30 मार्च 1877 चा. ल्यू शितोंगला चीनच्या ईशान्य टोकाच्या हेइलोंगच्यांगला हद्दपारी. वय सत्तरीच्या वर असूनही दंड भरून सुटण्याची सवलत नाकारली. शेन श्यांगला 80 फटके आणि दोन वर्षं सक्तमजुरी. दरवानाला 100 फटके आणि 2,000 ली (एक ली म्हणजे सुमारे अर्धा किलोमीटर) दूर हद्दपारी. राज्यपाल यांग चांगजुन, हू रुइलान आणि चेन लू बडतर्फ. ‘शंभरावर अधिकाऱ्यांच्या टोप्या उतरल्या’ हे लोकप्रिय वाक्य आहे, निकालपत्रातली नावं त्याहून कितीतरी कमी आहेत. यांग चांगजुन तर काही वर्षांत परत आला आणि शेनशी-गान्सूचा महाराज्यपाल झाला.

दोघं निर्दोष होते, तर त्यांना फटके का?

बी श्यूगूला 80, कारण परपुरुषाबरोबर एका ताटापंगतीला बसून तिने संशयाला जागा दिली. यांगला 100, आणि त्याची पदवी परत मिळाली नाही. त्याच्यावर ठपका असा, की त्यानेही संशय टाळला नाही आणि सुटकेसाठी अर्जांत इतरांवर खोटे आरोप केले. तीन वर्षं मोडलेल्या हातापायांनी काढल्यावर ही शिक्षा. दरबाराने सत्य मान्य केलं, पण सामान्य माणसाने अधिकाऱ्याविरुद्ध पूर्ण जिंकू नये याचीही काळजी घेतली.

नाटक-मालिकांतलं काय खरं धरू नये?

दाद मागताना खिळ्यांच्या फळीवरून लोळत जाण्याचा प्रसंग रंगमंचाचा. दंडाधिकाऱ्याच्या मुलाने बी श्यूगूवर बळजबरी केली हे उपकथानकही निकालाच्या आधारात कुठे नाही. कैदेत दोघांची रात्रीची भेट घडवून पडद्याआडून सत्य ऐकलं, हा प्रवेश सुंदर रंगतो, पण निकाल त्यावर उभा नाही. वळचणीखाली उभा राहिलेला नवरा मात्र कागदपत्रांतला आहे.

पुढे दोघांचं काय झालं?

यांग यूहांगला परतला. घर संपलं होतं. नातेवाइकांच्या मदतीने तुतीची थोडी जमीन सोडवून त्याने रेशीमकिडे पाळले, आणि त्यात जम बसवला. झान त्साइफेंग त्याच्याबरोबर होती. तो 1914 मध्ये वारला.

बी श्यूगूला ना सासर उरलं होतं ना माहेर. नवऱ्याच्या मृत्यूच्या दीड-दोन महिने आधी, भाजी वेळेत खारवली नाही म्हणून त्याने तिला मारलं होतं, तेव्हा तिने रागाने केस कापून ‘भिक्षुणी होते’ म्हटलं होतं. सुटल्यावर ती खरोखरच यूहांगच्या एका मठात गेली. तिथे तिला हुइदिंग हे नाव मिळालं. ज्या सूत्रांमुळे गावात बोभाटा झाला, तीच म्हणत तिने पन्नासवर वर्षं काढली. 1930 मध्ये ती वारली. तिची लहानशी समाधी आज यूहांगच्या आनल टेकडीवर आहे.